फुटबॉल क्लब नक्की कोणाचा? मालकाचा की गॅलरीतल्या माणसांचा?

बालेवाडीकर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून एक नारिंगी मफलर निघाला. एफसी पुणे सिटीचा. लेक आता नववीत आहे. तिने तो गळ्यात घातला आणि विचारलं, "बाबा, ही टीम आता कुठे खेळते?"

मार्च २०१८ मध्ये याच पोरीला खांद्यावर बसवून मी बालेवाडीला उपांत्य फेरीचा सामना बघितला होता. बंगळुरूविरुद्ध ०-० सुटला. तिकडे जाऊन आपण हरलो, पण वाटलं, पुढच्या वर्षी बघू. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि लीगमधली ती जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. तिला एवढंच म्हणालो, "कुठेच नाही खेळत बाळा."

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. फुटबॉल क्लब चाहत्यांच्या मालकीचा असावा का? माझं उत्तर हो आहे, आणि ते लंडनच्या विम्बल्डनमुळे आहे. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं विम्बल्डन.

हा क्लब १८८९ चा. १९८८ मध्ये यांनी एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० हरवलं. तीन वर्षांनी प्लाव लेन हे स्वतःचं मैदान सुटलं आणि ते दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळू लागले. पुढे मालक बदलले, आणि त्यांनी ठरवलं की क्लब उचलून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचा. चाहते रस्त्यावर उतरले. तरीही २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला परवानगी दिली. त्या निकालात असंही लिहिलं होतं की चाहत्यांनी नव्याने क्लब उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

चाहत्यांनी तो उभा केला. विम्बल्डन कॉमन म्हणजे सगळ्यांना मोकळं असलेलं माळरान. जून २००२ मध्ये तिथे निवड चाचणी ठेवली, सव्वादोनशेच्या वर पोरं आली. जुलैमध्ये पहिला सराव सामना झाला. ०-४ हरले. बघायला साडेचार हजारांहून जास्त लोक होते. इंग्लंडमधल्या लीगच्या उतरंडीत वरून नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात करून ते ९ वर्षांत, २०११ मध्ये, पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आले. मधे सलग ७८ लीग सामने हरले नाहीत. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या नव्या मैदानात परतले. कोविडमुळे पहिल्या सामन्याला गॅलऱ्या रिकाम्या होत्या. अठरा वर्षं ज्या दिवसासाठी वर्गणी भरली, तो त्यांनी घरात बसून पाहिला.

आजही बहुमत चाहत्यांच्या डॉन्स ट्रस्टकडे आहे. एक सभासद, एक मत.

पुण्यात आपल्याकडे असं काही असतं, तर निदान क्लब बंद करायचा की नाही हे कोणीतरी आपल्याला विचारलं असतं. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

बालेवाडीकर, मफलरचं वाचून गलबलून आलं. मीही त्याच गॅलरीत असायचो. पण भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

तुम्ही विम्बल्डन सांगितलंत, मी पोर्ट्समथ सांगतो. २००८ चे एफए कप विजेते. मालकामागून मालक बदलले, क्लब २०१० मध्ये आणि परत २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो विकत घेतला. एकेकाने हजार पौंडांचा शेअर घेतला, दोन हजारांहून जास्त लोकांनी. त्यांनी क्लब वाचवला, जुनी देणी फेडली, २०१७ मध्ये चौथ्या पायरीचं विजेतेपदही मिळवलं. यासाठी माझा त्यांना मनापासून नमस्कार.

पण त्याच वर्षी त्यांनी काय केलं? डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला क्लब विकला. जबरदस्ती नव्हती, मतदान झालं, आणि सुमारे ८० टक्के मतं विकण्याच्या बाजूने पडली. कारण फ्रॅटन पार्क हे शंभर वर्षांहून जुनं मैदान, त्याच्या दुरुस्तीला लाखो पौंड हवे होते. ते वर्गणीतून येत नाहीत. पुढे २०२४ मध्ये ते दुसऱ्या पायरीवर गेले, ते आयस्नर यांच्याच काळात.

स्टॉकपोर्ट काउंटीचंही बघा. २००५ मध्ये क्लब चाहत्यांकडे आला, पण मैदान जुन्या मालकाकडेच राहिलं. २००९ मध्ये दिवाळखोरी. मैदान नाही, हातात पैसा नाही, फक्त मालकी. ती घेऊन काय करायचं?

क्लब चालवायला भांडवल लागतं. चाहता तिकीट काढतो, जर्सी घेतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. एखादा मोसम वाईट गेला तर तोटा भरून काढायला त्याने घर गहाण टाकावं असं मी म्हणणार नाही.

श्प्रेकाठची

हिशेबनीस, मी बर्लिनमध्ये राहते, त्यामुळे थोडं लिहिते. इथे हा प्रश्न "की" लावून विचारत नाहीत, कारण दोन्हीची सांगड घातलेली आहे. १९९८ मध्ये जर्मन क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत बदलायची मुभा मिळाली, तेव्हाच अट घातली गेली की मतांचा निम्म्याहून एक जास्त हिस्सा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहील. त्याला इथे "पन्नास अधिक एक" म्हणतात. गुंतवणूकदाराने पैसा घालावा, पण शेवटचा शब्द सभासदांचा. लेवरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांच्या क्लबांना अपवाद आहे. लाइपझिगने नियम कागदावर पाळला, पण मताधिकार असलेले सभासद मूठभरच ठेवले. त्याचा इथल्या लोकांना अजून राग आहे.

आता भांडवलाबद्दल. माझ्या घरापासून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून मी कोपेनिकला उतरते आणि झाडीतून चालत युनियन बर्लिनच्या मैदानावर जाते. त्या मैदानाच्या पायऱ्या २००८-०९ मध्ये चाहत्यांनी स्वतः बांधल्या. दोन हजारांवर माणसं, सुमारे १ लाख ४० हजार तास बिनमोल काम. कोणी गवंडी, कोणी वेल्डर, कोणी सुट्टी टाकून आलेली बँकेतली बाई. बाहेर त्यांचं स्मारक आहे, त्यावर लाल हेल्मेट. त्याआधी २००४ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा लोकांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले होते. इथे रक्त दिल्यावर थोडा मोबदला मिळतो. २०१९ मध्ये युनियन पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आला.

गॅलरीत बहुतेक लोक उभेच असतात. माझ्या शेजारी एक आजोबा असतात, सत्तरीचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला एक पायरी बोटाने दाखवली आणि म्हणाले, "ही माझी." मला वाटलं त्यांची रोजची उभं राहायची जागा असेल. नंतर कळलं, तिथलं काँक्रीट त्यांनी ओतलं होतं.

मडगांवकार

ताई, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला.

गोव्यातलं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल घराघरात, पण मोठे क्लब उद्योगपतींच्या घराण्यांचे. धेंपो, साळगावकर. त्यांनी गोव्यासाठी केलं ते कोणी विसरणार नाही. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा आणलं, फातोर्ड्याला त्या रात्री मी होतो. पण २०१६ मध्ये महासंघाचा नवा आराखडा आला, नवी आयएसएल (इंडियन सुपर लीग) वर आणि आधीची राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीग, खाली असं ठरू लागलं, आणि धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांची कारणं मला पटतात. त्यांच्यावर अन्यायच झाला. पण तो निर्णय आम्हाला वर्तमानपत्रात वाचावा लागला. धेंपो परत वर यायला २०२४ उजाडलं.

म्हणून म्हणतो, मालक चांगला असला तरी प्रश्न सुटत नाही. चांगल्या मालकालाही एक दिवस कंटाळा येतो किंवा राग येतो. मुंबईत महिंद्रा युनायटेडचं तेच झालं. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला क्लब, २०१० मध्ये बंद.

ऊसकरी

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, मुलामुळे बघतो. पण "एक सभासद, एक मत" वाचलं आणि थांबलो, कारण आमचं अख्खं आयुष्य त्यात गेलं आहे.

आमच्या घरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. कारखान्याचं नाव घेत नाही. वडिलांनी बैल विकून तो शेअर घेतला होता. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिल्यावर सगळीकडे वारं आलं की आपला ऊस, आपला कारखाना, सावकार नको. तो काळ खरा होता. आमच्या गावातला रस्ता, हायस्कूल, दवाखाना, सगळं त्या कारखान्यातून आलं. हे सहकाराला नावं ठेवणाऱ्या शहरातल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

पण मी वार्षिक सर्वसाधारण सभाही बघितली आहे. मांडव, स्टेजवर खुर्च्या, अहवालाचं पुस्तक हातात. विषय क्रमांक एक वाचला की पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर". विषय दोन, "मंजूर". मागून कोणी कर्जाबद्दल विचारायला उठला की माईक त्याच्यापर्यंत पोचत नाही. वडील एकदा उठले होते. अहवालाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने प्रश्न लिहून नेला होता. घरी आले तेव्हा तो कागद तसाच घडी घातलेला खिशात होता. पुढे कारखाना बंद पडला, नंतर भाड्याने चालवायला गेला. सभासद आम्ही अजूनही आहोत.

तर मालकी कागदावर आली म्हणजे क्लब लोकांचा झाला असं नाही. सभेत माईक कोणाच्या हातात आहे, ते बघा.

हिशेबनीस

ऊसकरी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. याचं मोठं रूप म्हणजे बार्सिलोना. सभासदांचा क्लब, अध्यक्ष निवडणुकीतून येतो. निवडून यायचं तर मोठे खेळाडू आणायची आश्वासनं द्यायची. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्तांनी स्वतः सांगितलं की देणं १३५ कोटी युरो आहे. मेस्सीला ठेवता आलं नाही. पुढच्या वर्षी टीव्ही हक्कांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकला. म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या सभासदाच्या वाट्याचं उत्पन्न काल विकून झालं.

आणि एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढायचा घाट घातला, त्यात कोण होतं? रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. दोन्ही सभासदांच्या मालकीचे. बाकीचे बहुतेक दोन-तीन दिवसांत मागे फिरले, हे दोघे अडून राहिले.

श्प्रेकाठची

खरं आहे. पण त्याच सुपर लीगला बायर्न आणि डॉर्टमुंड यांनी नकार दिला, तेही सभासदांचेच. फरक मला एवढा दिसतो की माद्रिदला अध्यक्षपदाला उभं राहायचं तर वीस वर्षं सभासद असावं लागतं आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी द्यावी लागते. ही अट पुरी करणारी माणसं किती असणार? ऊसकरी म्हणतात तो माईक तिथे आधीच दूर ठेवलेला आहे.

टीव्ही हक्कांचंच उदाहरण इकडचं देते. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने प्रसारणाच्या उत्पन्नातला ८ टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. क्लबांचं मतदान झालं, ठराव जेमतेम पास झाला. मग प्रत्येक मैदानावर लोकांनी टेनिसचे चेंडू आत टाकायला सुरुवात केली. पिवळे चेंडू, चॉकलेटची नाणी. खेळाडू वेचताहेत, पंच घड्याळ बघताहेत, सामना वीस-वीस मिनिटं थांबलेला. मी तिथे उभी होते, थंडीत बोटं बधीर झाली होती, आणि माझ्या आजूबाजूचं कोणीही "चला, खेळ सुरू करा" म्हणालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

ऊसकरी, तुमच्या वडिलांच्या खिशातला तो कागद माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सभेत बोलू दिलं नाही तर मांडवाबाहेर काही करता येतं का, याचं इथल्या लोकांनी दिलेलं उत्तर म्हणजे ते चेंडू.

पेठेतला पोरगा

कोल्हापूरला विसरलात राव सगळे!

आमच्याकडे मालक हा शब्दच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, सगळ्या तालमी आणि मंडळं. तालमीत आखाडा, तालमीचा गणपती, तालमीचाच फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद. माझा चुलता वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. कोणी पाच हजार देतं, कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी पन्नास देते आणि मग सामन्यानंतर तीच चुलत्याला गाठून विचारते, "त्या गोलकिपरला का बसवला?" तिला उत्तर द्यावंच लागतं. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. पेठापेठांत हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, त्याची मला लाज वाटते. आणि आता जिंकायचं म्हणून बाहेरचे, परदेशी खेळाडू पैसे देऊन आणायला लागलेत. तो पैसा देणगीदारांकडून येतो आणि देणगीदार मोठा झाला की मावशीचा प्रश्न लहान होतो. हे डोळ्यांदेखत होतंय.

पण एक सांगतो. संघ हरला, खाली गेला, भांडणं झाली, तरी पाटाकडील उद्या उचलून सांगलीला नेता येणार नाही. कोणाची टाप नाही.

बालेवाडीकर

पेठेतल्या पोरा, मला जे सुचत नव्हतं ते तू शेवटच्या दोन ओळींत लिहिलंस.

दोन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचले. हिशेबनीस, भांडवलाचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. पोर्ट्समथच्या लोकांनी विचार करून मत दिलं, ते चूक होतं असं मी कोण म्हणणार? त्यामुळे माझं मत थोडं बदललं आहे. संघ कोण चालवतो, प्रशिक्षक कोण नेमतो, खेळाडूंवर किती खर्च होतो, यात चाहत्यांचं बहुमत असलंच पाहिजे असं नाही. पण मैदान, नाव, रंग आणि गाव या चार गोष्टी चाहत्यांच्या हातात असल्याच पाहिजेत. त्या विकायच्या झाल्या तर चाहत्यांनी हो म्हटल्याशिवाय विकता येऊ नयेत.

हे कल्पनेतलं नाही. चेल्सीचं उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात त्यांचं स्टॅमफर्ड ब्रिज बिल्डरांच्या घशात जाता जाता वाचलं. मग "चेल्सी पिच ओनर्स" ही ना-नफा कंपनी निघाली. शंभर पौंडांचा शेअर, आणि शेअर कितीही घेतले तरी एकाला शंभरपेक्षा जास्त मतं नाहीत. १९९७ पासून मैदानाची जमीन त्यांच्या मालकीची आहे. "चेल्सी फुटबॉल क्लब" हे नावही त्यांच्याकडे आहे. क्लबने मैदान सोडलं तर नाव सोबत नेता येत नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाचे मालक अब्रामोविच यांच्या क्लबने ही जमीन परत विकत मागितली. तेव्हा चेल्सीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आठ वर्षांत किती करंडक आणले होते त्यांनी. ठरावाला ७५ टक्के मतं लागत होती. पडली ६१.६ टक्के. जमीन राहिली. मालकाला कोणी हाकललं नाही. सात महिन्यांनी तोच संघ चॅम्पियन्स लीगही जिंकला. फक्त त्या एका बाबतीत त्याला नाही म्हणणारं कोणीतरी होतं.

उलट कार्डिफ बघा. २०१२ मध्ये मालकाने निळी जर्सी लाल केली. शंभर वर्षांचा रंग. परत निळा व्हायला जानेवारी २०१५ उजाडलं, आणि तोही मालकाच्याच मनात आलं म्हणून.

विम्बल्डनबद्दल एक राहिलं. तो एफए कप आणि जुन्या करंडकांचा वारसा मिल्टन कीन्सकडे गेला होता. २००७ मध्ये तो मर्टनच्या स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे मूळ गावाकडे परत आला. ती पाच वर्षं गेलीच नसती, जर १९९१ मध्ये मैदान कोणाच्या तरी ट्रस्टकडे असतं.

हिशेबनीस

चार गोष्टींची यादी मला पटते. खर्चही फारसा नाही, कायद्याचं काम आहे. इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला, त्याचा रोखही असाच आहे. मैदान विकायचं किंवा हलवायचं तर परवानगी लागणार, बोधचिन्ह आणि रंग बदलायचे तर चाहत्यांना विचारावं लागणार. २०१९ मध्ये बरी हा १८८५ चा क्लब लीगमधून काढला गेला, तेव्हापासून तिकडे ही चर्चा तापली होती.

एकच अडचण. आपल्याकडे बालेवाडीचं मैदान सरकारी. क्लबकडे मुळात जमीनच नाही. मग चाहत्यांनी धरून ठेवायचं काय?

मडगांवकार

लीगमधली जागा. शहराचं नाव लावून खेळायचा परवाना. हैदराबादकडे गेली तीच ना? मैदान तिथेच आहे, बालेवाडीलाच.

बालेवाडीकर

बरोबर. परवान्यातच लिहावं की शहर बदलायचं तर त्या शहरातल्या नोंदणी झालेल्या सभासदांचं मतदान घ्यावं लागेल. सभासद कोण, हे हंगामी तिकिटावरून ठरवता येईल. महासंघाने एवढं एक कलम घातलं तरी पुरे. पुण्यातून पुन्हा कोणी वरच्या लीगसाठी क्लब काढणार असेल तर मी हेच मागणार आहे, आणि मागणाऱ्यांची यादी करायला या धाग्यापासून सुरुवात करतो. पहिलं नाव माझं.

हिशेबनीस

दुसरं माझं.

श्प्रेकाठची

मी पुण्याची नाही, पण वर्गणी पाठवेन. ऊसकरी, एक विचारू का? तुमच्या वडिलांचा तो शेअर आता कोणाच्या नावावर आहे?

ऊसकरी

वडिलांच्याच, ताई. ते जाऊन सहा वर्षं झाली. वारसनोंद केली नाही, त्यामुळे मतदार यादीत आमचं नाव नाही. काय उपयोग म्हणून राहून गेलं.

पेठेतला पोरगा

काका, करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. आमच्या आत्याचं मागच्या वर्षी केलं, अर्जाचा नमुना मी फोटो काढून टाकतो.

ऊसकरी

टाक बाळा. शेअरचा दाखला ट्रंकेत आहे, आज रात्री काढतो.